डाग नसलेली पुस्तकं

मोन्तेविदेओ,
१८ डिसेंबर १९९१

ती. एल्बिओदादास,
धाकट्या झुल्माचा सा. न. वि. वि.

तुझं पार्सल काल मिळालं. सातही पुस्तकं मोजून घेतली आणि आधी चष्मा पुसला, कारण डोळ्यांवर विश्वास बसेना. बत्तीस वर्षं मी तुला पुस्तकं पाठवतेय आणि बत्तीस वर्षं तू ती हिरवी करून परत धाडतोस. पानांच्या बेचक्यात येर्बाच्या पाल्याचा चुरा, समासात तुझ्या त्या हिरव्या माते-काढ्याचे ओघळ, एका मुखपृष्ठावर तर तो प्यायच्या तुंबडीच्या बुडाचा अख्खा गोल. यंदा मात्र एकाही पुस्तकावर डाग नाही. सत्तराव्या वर्षी का होईना, तुला वळण लागलं म्हणायचं. इर्मावहिनी असती तर तिला सांगून दोघी हसलो असतो.

आता माझी यादी. नियम नेहमीचेच: कुठलं पुस्तक, कुठं बसून वाचलं, कुठल्या पानावर खाली ठेवावं लागलं. शेवट सांगायचा नाही.

पहिला नंबर दोन विधवांच्या खानावळीच्या कादंबरीला. निम्मी बेकरीच्या रांगेत वाचली. पान ९० वर खाली ठेवली, कारण माझा नंबर केव्हाच येऊन गेला होता आणि मागची बाई काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसरा नंबर घोड्यांच्या डॉक्टरच्या आठवणींना. हे ऑफिसात वाचलं, टाइपरायटरच्या आड. आमचे नोटरीसाहेब बघून न बघितल्यासारखं करतात. मार्चअखेर ते ऑफिसच बंद करणार आहेत, त्यामुळे त्यांनाही आता कशाचं काही वाटत नाही. तिसरं, मिठागरावरच्या शिक्षिकेची पत्रं. हे माझ्या वाढदिवसाला कॅफेत बसून वाचलं. पान ३१ वर वेटर आला आणि समोरची खुर्ची कुणाला लागणार नाही ना असं विचारून उचलून घेऊन गेला. त्यानंतर त्या दिवशी वाचन झालं नाही. पुस्तकाचा त्यात दोष नाही, म्हणून नंबर कमी केला नाही.

आणि दादा, ते निळं पुस्तक, गाळात रुतलेल्या आगबोटीचं, गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात पाठवलेलं, ते कुठं आहे? हे मी चौथ्यांदा विचारतेय. इतरांना उधार पुस्तकं बुडवताना पाहिलंय, पण सख्ख्या भावानं?

तुझी यादी नाताळच्या आत येऊ दे. उकाड्यात त्या मोठ्या कुत्र्याला सावलीत बांध. लोभ आहेच, वाढवलास तर नाही म्हणणार नाही.

तुझी,
झुल्मा

•

बारेरा स्टेशन,
२७ डिसेंबर १९९१

चि. झुल्मास,
अ. उ. आ.

यादी नाताळच्या आत आली नाही, कारण टपाल हमरस्त्यावरच्या दुकानात जातं आणि दुकानदार सासुरवाडीला गेला होता. रेल्वे होती तेव्हा असली कारणं चालत नसत.

इकडं ठीक आहे. प्रवासी गाड्या बंद होऊन जानेवारीत चार वर्षं होतील. लाकडाची मालगाडी आठवड्यातून एकदा न थांबता जाते. मी टोपी घालून फलाटावर उभा असतो. इंजिनवाला हात करतो. कुत्रा त्याच्यावर भुंकतो. आठवड्याची बातमी एवढीच. नाताळला शेजारच्या मळ्यातून भाजलेल्या कोकराची तंगडी आली होती, ती चार दिवस पुरली.

यादी लिहितो.

एक, खानावळीची कादंबरी. फलाटावरच्या बाकावर वाचली. चांगली आहे. दोघी विधवा नीट रंगवल्या आहेत. दोन, मिठागरावरची पत्रं. बाकावर. मीठ फार आहे. तीन, घोड्यांच्या डॉक्टरच्या आठवणी. हे मला सगळ्यांत आवडलं. शेवट तर फारच परिणामकारक, शेवटच्या पानांवर मला रडू आलं. बाकीची चारही बरी होती.

खाली कुठं ठेवावं लागलं नाही. मला व्यत्यय आणणारं इथं कोण आहे?

निळं पुस्तक सापडत नाही. सापडलं की पाठवीन.

नववर्षाचे आशीर्वाद. तब्येतीला जप, आणि थोरल्या भावाची आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
एल्बिओ

•

मोन्तेविदेओ,
९ जानेवारी १९९२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सात वेळा वाचलं. आता एक गोष्ट सांगते, ती नीट ऐक.

वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आमच्या भागात काय धुमाकूळ असतो ते तुला माहीत आहे. सगळ्या ऑफिसांच्या खिडक्यांतून जुन्या कॅलेंडरांची पानं फाडून खाली उधळतात, रस्ता पांढरा होतो. माझ्या कॅलेंडरला उधळायला पानंच उरत नाहीत, कारण मी रोजचं पान काढून पुस्तकांत खुणेला घालते. पोरी दरवर्षी हसतात. यंदा ऑफिसचंच शेवटचं वर्ष, म्हणून त्यांनी हट्टच धरला की झुल्माबाईंनी काहीतरी फेकलंच पाहिजे. मी फेकण्याजोगं काही आहे का म्हणून खालचा खण उपसला. तळाशी सोळा छापील पानं निघाली. घोड्यांच्या डॉक्टरच्या आठवणींची शेवटची सोळा पानं. शिवण उसवून वाचतानाच गळून पडली असणार, आणि मी बाकीचं पुस्तक तसंच तुला पाठवून दिलं.

मला इतकं वाईट वाटलं. म्हटलं, बिचारा दादा, शेवटापर्यंत आला असेल आणि पुढं नुसता पुठ्ठा. चिडून लिहील मला. आणि तीन तारखेला तुझं पत्र आलं, की शेवट फारच परिणामकारक, शेवटच्या पानांवर रडू आलं.

तू कशावर रडलास दादा? पुठ्ठ्यावर?

मी आधी हसले. मग उठून तुझी सातही पुस्तकं काढली. माझी कॅलेंडरची पानं प्रत्येकात जिथं घातली होती तिथंच आहेत, आडवी घातली ती आडवी, तिरकी घातली ती तिरकी. पूर्वी ती कधी जागेवर नसायची. एकातली दुसऱ्यात सापडायची, कधी तुझ्या वाण्याच्या यादीसकट. आणि मी मूर्ख, डाग नाहीत म्हणून तुझं अभिनंदन करून बसले. डाग नाहीत कारण ती कुणी उघडलीच नाहीत.

मला राग यायला हवा होता. आला नाही. तू आजारी आहेस का? डोळ्यांचं काही आहे का? मोतीबिंदू असेल तर इथं चांगले डॉक्टर आहेत. खरं काय ते कळव. तुझ्यावर नेहमीसारखाच जीव आहे, हे या पत्राच्या शेवटी तुला सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

झुल्मा

•

बारेरा स्टेशन,
२० जानेवारी १९९२

चि. झुल्मास,
आशीर्वाद.

डोळे ठीक आहेत. दोन मैलांवरचा शहामृग नर की मादी ते सांगतो.

पुस्तकं आता पाठवू नकोस. टपालखर्च वाया जातो. यादीही पुरे करू. बत्तीस वर्षं झाली, खूप झाली. पोरखेळ कधीतरी थांबवायचे असतात.

कुत्र्याला सावलीत बांधलंय.

एल्बिओ

•

मोन्तेविदेओ,
३० जानेवारी १९९२

ती. दादास,
नमस्कार. नेहमीच्या अक्षरांचा आज धीर होत नाही.

तुझ्या चार ओळी मी घरी आणल्या, टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्यासमोर बसून जेवले. असं कुणाबरोबर तरी जेवायची सवय मला नाही.

तू पोरखेळ म्हणालास. असेल. पण माझ्याकडं दुसरा खेळ नाही. माझं लग्न झालं नाही याचं मी कधी रडगाणं गायलं नाही, आजही गात नाही. पण मार्चअखेर ऑफिस बंद होईल. मग सकाळी मला कोण विचारणार आहे, की झुल्माबाई, आज काय वाचताय? मला पत्रं येतात ती वीज मंडळाची, पाणीपट्टीची आणि तुझी. त्यातलं तुझं काढून टाक आणि काय उरतं ते बघ.

एक सांगू? मी पुस्तक वाचते तेव्हा मनात तुला लिहीतच असते. हे दादाला सांगायचं, इथं दादा हसेल, हे वहिनीला आवडेल. तुझी यादी येते तेव्हाच माझं पुस्तक वाचून पुरं होतं. नाहीतर मी एकटीनं वाचलं काय आणि न वाचलं काय, या घरात कुणाला कळणार? म्हणून यादी बंद करायची असेल तर कर, पण कारण सांगून कर. तुझं खोटं बोलणं मी पुठ्ठ्यासकट पचवीन. गप्प बसणं नाही पचणार.

लोभ ठेव म्हणत नाही यावेळी. उत्तर दे.

झुल्मा

•

बारेरा स्टेशन,
१६ फेब्रुवारी १९९२

चि. झुल्मास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. तीन चुलीत गेली.

तुझ्या बत्तीस वर्षांच्या पुस्तकांतलं एकही मी वाचलेलं नाही. इर्मा वाचायची, मी ऐकायचो. तुला हे कधी सांगितलं नाही कारण लाज वाटायची. स्टेशनमास्तर माणूस, टोपी घालणारा, आणि बायको त्याला लहान पोरासारखं वाचून दाखवते, हे लोकांना कशाला कळायला हवं? तू राहायला यायचीस तेव्हा आम्ही पुस्तक कपाटात ठेवत असू. तू गेलीस की दुसऱ्या दिवशी पाच-दहाला पुन्हा बाकावर.

पाच-दहाची गाडी गेली की काम संपायचं. मी पाणी तापवून माते करायचो. वाटायचं काम माझं, वाचायचं तिचं. मी तुंबडी भरून द्यायचो, ती एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हातानं नळीनं प्यायची, आणि वाक्याच्या मध्ये नळी गुरगुरेपर्यंत ओढायची. गाड्या बंद झाल्या तरी पाच-दहा चुकलं नाही. नियम एकच होता, एकट्यानं पुढं वाचायचं नाही. ती मळ्यात बाळंतपणाला मदतीला दहा दिवस गेली होती, तेव्हा पुस्तक कपाटावर तसंच होतं. मी हातही लावला नाही. यादी मी लिहायचो, पण मतं निम्मी तिची असायची. अर्ध्याहून जास्त म्हण.

आता निळ्या पुस्तकाचं. ते हरवलं नाही, माझ्या उशाशी आहे.

नव्वद सालचा चौदा ऑक्टोबर, रविवार. ती पान २१४ वाचत होती. मी तुंबडी दिली. तिनं ती थोडी पिऊन निम्मी भरलेली परत केली. झुल्मा, तुला माहीत आहे, नळी वाजेपर्यंत प्यायचं असतं. निम्मी परत करणं म्हणजे वाटणाऱ्याच्या तोंडावर सांगणं, की तुझा माते पांचट झालाय. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं असं कधी केलं नव्हतं. मला राग आला. मी म्हणालो, की नवा करून आणतो, बाईसाहेबांना पसंत पडेल असा. मी आत गेलो, जुना येर्बा टाकला, नवा भरला, किटली ठेवली. रागाच्या भरात लक्ष राहिलं नाही आणि पाण्याला उकळी फुटली. उकळतं पाणी घातलं की येर्बा करपतो, म्हणून ते ओतून दुसरं ठेवलं. त्यात आणखी पाच मिनिटं गेली. चांगला माते घेऊन बाहेर आलो तेव्हा पुस्तक मांडीवर उघडं होतं, तिचं बोट २१४ वर होतं, आणि ती गेली होती.

डॉक्टर म्हणाले, की मी शेजारी बसून असतो तरी काही फरक पडला नसता. फरक पडला असता. मी शेजारी असतो.

त्या पानात तिच्या केसांतली पिन घालून पुस्तक मिटलं. त्यानंतर तू पाठवलेलं प्रत्येक पुस्तक मी उघडलं. खरंच उघडलं. पाच-दहाला माते करायचो, बाकावर बसायचो, पहिलं पान काढायचो. ओळी दिसतात, अर्थही कळतो, पण आवाज येत नाही. मग पुस्तक मिटून एकटाच माते पितो. मग तुला वेष्टणावरचा मजकूर बघून यादी लिहिली. वाटलं, पुस्तकंच वाचली नाहीत म्हटलं तर झुल्मा लिहील कशाबद्दल? आपल्यात दुसरं बोलणं आहे कुठं? मग पत्रंही थांबतील. म्हणून खोटं लिहिलं. पकडला गेलो तेव्हा शरमेनं बंद करू म्हणालो.

आता तुला सगळं माहीत आहे. मोठ्या भावाबद्दलचा आदर जितका शिल्लक राहील तितका राहू दे.

तुझा,
एल्बिओ

•

मोन्तेविदेओ,
२ मार्च १९९२

ती. दादास,
झुल्माचा सा. न. वि. वि.

आदर मुळात फार नव्हता, त्यामुळे शिल्लक सगळा आहे.

तुझं पत्र वाचून मी खूप रडले. वहिनीसाठी रडले, तुझ्या त्या दुसऱ्यांदा ठेवलेल्या किटलीसाठी रडले. त्याबद्दल मी तुला शहाणपण शिकवणार नाही. तुझी काही चूक नव्हती असं म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, आणि माझं लांबून म्हणायला काय जातं?

पण एक कागद सापडला तो सांगते. वहिनीचं शेवटचं पत्र, सप्टेंबरअखेरचं. तिनं लिहिलंय, की आगबोट गाळात रुतून तिसावा दिवस आहे, प्रवाशांनी वाळूवर कोंबड्या पाळल्यात, आणि झुल्मा, बोट निघते की नाही ते आधी सांगितलंस तर मरेपर्यंत तुझं तोंड बघणार नाही. मी नाही सांगितलं. नियम पाळला. आता रोज झोपताना वाटतं, की सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. मला शेवट माहीत आहे आणि तिला कळलाच नाही, हे बरोबर नाही दादा. पुस्तक २४१ पानांचं आहे. सत्तावीस पानं राहिली.

एकट्यानं पुढं वाचायचं नाही, हा तुमचा नियम. मग एकट्यानं वाचू नकोस. रविवारी तिच्या कबरीवर फुलं घेऊन जातोसच, एखाद्या रविवारी पुस्तक घेऊन जा आणि तिथं बसून वाच. मोठ्यानं वाच. आवाज येत नाही म्हणतोस, तर तुझा स्वतःचा काढ. तीस वर्षं तू गाड्यांची नावं पुकारलीस; मालडब्यातल्या मेंढ्यासुद्धा दचकायच्या. तसं वाच.

जमलं तर जमलं. नाही जमलं तर निळं पुस्तक तुझ्याकडंच राहू दे, मी पाचव्यांदा विचारणार नाही. पण मला पत्र पाठव. पुस्तकांबद्दलच पाहिजे असं नाही. कुत्र्याबद्दल लिहिलंस तरी मी वाचीन, आणि कुठं बसून वाचलं ते कळवीन.

इथं टाइपरायटर विकला गेला. टेबल मोकळं दिसतं. तुझ्या मायेवर नेहमीसारखीच विसंबून आहे.

झुल्मा

•

बारेरा स्टेशन,
६ एप्रिल १९९२

चि. झुल्मास,
अ. उ. आ. आणि हे पार्सल.

तुझं ऐकलं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी थर्मास, तुंबडी आणि निळं पुस्तक घेऊन गेलो. पिन काढली, २१४ उघडलं, आणि तू सांगितलंस तसं गाडी पुकारावी तसं वाचायला लागलो. चार ओळी झाल्या असतील, तेवढ्यात फ्लोरो आला. फ्लोरो म्हणजे इथला कबरी खणणारा, एका कानानं बहिरा, तू त्याला पाहिलंयस, इर्माच्या दफनाच्या वेळी ज्यानं आपल्याला कडेला उभं राहायला सांगितलं तो. त्याला वाटलं मी भांडतोय. कुणाशी ते बघायला आला. मी वाचतोय म्हटल्यावर फावड्यावर रेलून उभा राहिला. दोन पानं ऐकली आणि म्हणाला, की हा कप्तान कोण, ही कोंबड्यांची बाई कोण, आणि हे सगळे वाळूत काय करताहेत? मी थोडक्यात सांगायला लागलो. तो म्हणाला, की थोडक्यात नको, त्याला रविवारी दुसरं काम नसतं, पहिल्यापासून वाच.

मी म्हणालो, ही माझी बायको २१४ वर थांबली आहे. तो म्हणाला, तिची एवढी घाई दिसत नाही.

मला आधी त्याचा राग आला. मग हसू आलं. तिथं, तिच्यासमोर. दीड वर्षात पहिल्यांदा. आणि मी पान एक काढलं.

पाच रविवार लागले. वाचणारा मी, त्यामुळे वाटायला फ्लोरो बसला. त्याचा माते भयंकर असतो. पाणी सरळ उकळून आणतो, येर्बा करपतो, तोंड भाजतं. मी प्रत्येक तुंबडी नळी वाजेपर्यंत प्यायलो. मध्ये एका रविवारी पाऊस झाला तर त्याच्या औजारांच्या खोलीत बसलो, त्यानं तळलेल्या पुऱ्या आणल्या होत्या. चांगलं वाक्य आलं की तो पुन्हा वाचायला लावतो. वाईट आलं तरी लावतो, ऐकू आलं नाही म्हणून.

काल २१४ आलं. मी थांबलो. ती जिथं थांबली होती ती ओळ मला माहीत आहे. फ्लोरोनं विचारलं नाही का थांबलास. तुंबडी भरली आणि हातात दिली. मी ती निम्मी प्यायलो, आणि उघड्या पानावरच टेकवली. मग उरलेली निम्मीही प्यायलो, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि पुढची ओळ वाचली. सत्तावीसच्या सत्तावीस पानं वाचली. शेवटी फ्लोरो टोपी काढून उभा राहिला. तिलाही आता कळलं. बोट निघाली की नाही ते इथं लिहीत नाही, नियम तो नियम.

तेव्हा माझी गेल्या वर्षीची खरी यादी, उशिरा का होईना:

एक, आगबोटीचं निळं पुस्तक. बाकावर, आणि कबरस्तानात बसून. पान २१४ वर खाली ठेवावं लागलं, सतरा महिने बावीस दिवस.

यादी संपली.

फ्लोरो पुढचं पुस्तक मागतोय. त्याला घोड्यांच्या डॉक्टरबद्दल सांगितलं तर तो रविवारपर्यंत थांबायला तयार नाही. तुझं ऑफिस बंद झालं असेल. बस गुरुवारी सुटते, दुकानापाशी उतर, मी सायकल घेऊन उभा असतो. पुस्तक घेऊन ये, शेवटच्या सोळा पानांसकट. महिनाभर राहा. आणखी राहिलीस तरी कुत्र्याची हरकत नाही. फक्त इथं आलीस की माते तू वाटायचा, फ्लोरोला तो धंदा सोडायला लावायचाय.

आणि हो, पुस्तक तपासून घेशीलच, म्हणून आधीच सांगतो. पान २१४ वर मोठा हिरवा डाग पडलाय. बत्तीस वर्षांतले सगळे डाग इर्माचे होते, बोलणी मात्र मी खाल्ली. हा माझा आहे.

तुझा,
एल्बिओ